पुनर्वापराच्या पाण्याचा ओघळ ओढ्यात उतरतो तेव्हा ओढ्याचं काय होतं?

ओढाकाठ
मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज विचारतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

घरामागून एक ओढा जातो. पूर्वी पावसाळा सरला की दोन-अडीच महिन्यांत त्याची धार तुटायची आणि मग नुसते डोह उरायचे. चार वर्षांपूर्वी काठावरच्या मोठ्या बागेला सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून पुनर्वापराचं पाणी सुरू झालं आणि ओढा बारमाही झाला. फवाऱ्यांचं पाणी हिरवळीवरून, पायवाटेवरून ओघळत पन्हाळीत येतं आणि तिथून सरळ ओढ्यात. पहिल्या वर्षी मला विलक्षण आनंद झाला. ऐन उन्हाळ्यात वाहतं पाणी!

आता तसं वाटत नाही. पाण्यातले गोटे बुळबुळीत झालेत, त्यांना हातभर लांबीचं केसाळ शेवाळ लोंबतंय. चतुर आणि टाचण्या (चतुरांचे नाजूक भाऊबंद) पूर्वी इतक्या असायच्या की मोजता येत नसत, यंदा बोटावर मोजण्याइतक्या दिसल्या. आणि गेल्या महिन्यात दोनदा पहाटे पाहिलं, मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. ऊन चढल्यावर खाली गेले.

पाण्याला वास नाही, रंग नाही, तळ स्वच्छ दिसतो. केंद्राचे अहवाल फलकावर लागतात, त्यातले सगळे आकडे मर्यादेत असतात. मग शुद्ध केलेलं पाणी ओढ्याला बाधतंय, की मी भलत्याच ठिकाणी दोष शोधतोय?

पाणकावळा
मासे पहाटे वर येतात म्हणजे विरघळलेला प्राणवायू संपतोय. उजाडायच्या आत मोजा. सकाळी अकराला घेतलेल्या नमुन्यात हे कधीच सापडणार नाही.

स्पष्टवक्ती
माझं मत सरळ आहे. सांडपाणी कितीही गाळलं तरी ते सांडपाणीच. बागेला द्यायचं ते बागेत मुरवा, ओढ्यात थेंबही जाता कामा नये. "आकडे मर्यादेत आहेत" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. मर्यादेत आहेत तर मासे का तडफडतात?

प्रयोगशाळेतला
सोळा वर्षं शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करतोय, त्यामुळे स्पष्टवक्तींच्या प्रश्नाचं उत्तर देणं मला भाग आहे.

ती मर्यादा कोणासाठी ठरवलेली असते ते आधी पाहायला हवं. कॅलिफोर्नियाच्या 'टायटल २२' नियमांचं उदाहरण घ्या. लोकांचा वावर असलेल्या बागांना तिथे तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून निर्जंतुक केलेलं पाणी लागतं. गाळून घेतलेल्या पाण्याचा गढूळपणा सरासरी २ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) आत आणि १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतूंचा मध्यक २.२ च्या आत हवा. नियम चांगले कडक आहेत. पण हिरवळीवर लोळणाऱ्या मुलाला जंतुबाधा होईल का, हा त्यामागचा प्रश्न आहे. माशाच्या कल्ल्यांचं काय होईल, हे त्यात विचारलेलंच नाही.

मुलाला वाचवण्यासाठी आपण क्लोरीन घालतो, आणि शेवटच्या नळापर्यंत जंतू पुन्हा वाढू नयेत म्हणून त्याचा थोडा अंश मुद्दाम शिल्लक ठेवतो. हा शिल्लक अंश बहुधा मिलिग्रॅमच्या दशांशात किंवा त्याहून जास्त असतो. गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे निकष मात्र लिटरला ०.०१९ मिलिग्रॅम (थोड्या वेळासाठी) आणि ०.०११ मिलिग्रॅम (दीर्घकाळासाठी) असे आहेत. म्हणजे आमच्या अहवालात 'उत्तम' ठरलेलं पाणी माशाच्या हिशोबात पन्नास पट जास्त क्लोरीनचं असू शकतं. दोन्ही आकडे खरे, पण दोन वेगळ्या प्रश्नांची ती उत्तरं आहेत.

ओढाकाठ, तुम्ही क्लोरीन मोजलात तर 'मुक्त' नव्हे, 'एकूण' क्लोरीन मोजा. पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरामाइन होतं. ते मुक्त क्लोरीनच्या चाचणीत येत नाही, जास्त काळ टिकतं आणि माशांना तितकंच घातक असतं.

माळीबुवा
सव्वीस वर्षं बागा सांभाळतोय. पाण्याला शिव्या घालण्याआधी खताची पोती मोजा, एवढंच म्हणतो.

पुनर्वापराच्या पाण्यात नत्र असतो. समजा लिटरला १० मिलिग्रॅम. वर्षाकाठी हिरवळीला एक मीटर उंचीएवढं पाणी दिलं तर हेक्टरी दहा हजार घनमीटर होतं. गुणाकार करा, १०० किलो नत्र पाण्यातूनच आला. आता कोणी सांगा, पाणी बदललं म्हणून खताचं वेळापत्रक बदललेली बाग किती जणांनी पाहिली आहे? मी काम केलेल्या एका ठिकाणी तीन वर्षं पहिल्याइतकंच खत पडत होतं. मी बोललो तर म्हणाले, हिरवळ छान आहे ना, मग राहू दे. हिरवळीला जेवढं लागतं तेवढंच ती घेते, उरलेलं ओघळाबरोबर उतारानं जातं.

दुसरी गोष्ट मातीची. या पाण्यात सोडियम जास्त असतो. चिकणमातीला तो वर्षानुवर्षं मिळाला की मातीचे कण सुटे होतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचं थांबतं. शेतकरी ज्याला चोपण जमीन म्हणतात तिचीच ही सुरुवात. म्हणजे पहिल्या वर्षी जेवढा ओघळ येत होता त्यापेक्षा चौथ्या वर्षी जास्त येणार, फवारे तेवढेच असले तरी. ओढाकाठ, तुमच्याकडे ओघळ वाढलाय का?

ओढाकाठ
माळीबुवा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! हो, वाढलाय. पहिल्या वर्षी पन्हाळीतून करंगळीएवढी धार यायची, आता मनगटाएवढी येते. मला वाटायचं फवारे वाढवले असतील. माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, एकही वाढवलेला नाही.

अनुजा_क
थोडी दुसरी बाजू मांडते. स्पष्टवक्तीताई, "थेंबही नको" म्हणणं सोपं आहे, पण शहरातल्या कित्येक ओढ्या-नद्यांत कोरड्या ऋतूत हे पाणी सोडून दुसरं पाणीच नसतं.

ॲरिझोनातली सांताक्रूझ नदी पाहा. भूजल उपसून उपसून टुसान शहराजवळ ती कोरडी पडली होती. शुद्धीकरण केंद्रांचं पाणी मिळाल्यामुळे तिचे काही पट्टे वाहते राहिले. पण पाण्यात अमोनिया फार होता, त्यामुळे मासे नव्हते. २०१३ च्या सुमारास तिथल्या केंद्रांची मोठी सुधारणा झाली आणि २०१७ मध्ये 'हीला टॉपमिनो' नावाचा छोटा स्थानिक मासा, जो धोक्यातली जात म्हणून नोंदलेला आहे, त्या पट्ट्यात पुन्हा सापडला. २०१९ पासून तर शहराच्या मध्यभागी मुद्दाम पुनर्वापराचं पाणी सोडून नदी वाहती केली आहे.

जपानमध्ये टोकियोच्या पश्चिमेला नोबिदोमे कालव्यात १९८४ पासून आणि तामागावा कालव्यात १९८६ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी सोडून जुने कोरडे प्रवाह जिवंत केले. लॉस एंजेलिस नदीचा उन्हाळ्यातला बराचसा प्रवाह शुद्धीकरण केंद्रांचाच आहे. आता ते पाणी पिण्यासाठी वळवायचं म्हटलं की नदीतल्या पाखरांचं काय, असा वाद तिथे उभा राहतो.

हे सगळे प्रवाह याच पाण्यानं जगलेत. मग तुमच्या ओढ्यात तेच पाणी विष कसं होतं?

स्पष्टवक्ती
अनुजा, उदाहरणं चांगली आहेत, पण फरक तुझ्याच लिखाणात आहे. तिथे पाणी *सोडलंय*. ठरलेल्या तोंडातून, क्लोरीन काढून, जबाबदारी घेऊन, माशांकडे बघून. इथे ते *सांडतंय*. फवाऱ्यातून उडालं, पायवाटेवर पडलं, वाटेत खत, कीटकनाशक, कुत्र्यांची घाण, गाड्यांचं तेल घेत ओढ्यात गेलं. त्याची नोंद कुणाच्याही वहीत नाही. केंद्र म्हणतं आमचं पाणी बागेला गेलं, बाग म्हणते आमचं पाणी हिरवळीला गेलं. ओढ्यात गेलेलं पाणी मग कोणाचं?

अनुजा_क
हा मुद्दा मान्य. सोडलेलं आणि सांडलेलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, मी एकत्र केले होते.

गणिताचा_नाद
यात विरलतेचा हिशोब सगळ्यात आधी हवा. समजा ओढ्यात वरून सेकंदाला २ लिटर येतंय आणि पन्हाळीतून ३ लिटर. म्हणजे खालच्या ओढ्यात साठ टक्के पन्हाळच. भर पावसाळ्यात वरून २००० लिटर येत असेल तर तेच ३ लिटर मिळून न मिळाल्यासारखे. म्हणून वर्षाची सरासरी काढून "परिणाम नगण्य" लिहिलेल्या अहवालावर मी भरवसा ठेवत नाही. मासा सरासरीत जगत नाही, त्याला त्या पहाटेचं पाणी लागतं.

क्षारांचंही तसंच. घरातून एकदा फिरून आलेल्या पाण्यात विरघळलेले क्षार मूळ पाण्यापेक्षा लिटरला साधारण १५० ते ४०० मिलिग्रॅमनं वाढतात आणि नेहमीच्या प्रक्रियेत ते निघत नाहीत. त्यासाठी उलट परासरणाची (आरओ) पडदायंत्रणा लागते, बागेच्या पाण्याला ती सहसा नसते. त्यात हिरवळ पाणी पिते आणि क्षार मागे ठेवते. म्हणजे मातीतून पाझरून उशिरा ओढ्यात येणारं पाणी आणखी खारट.

तळ्यातला_बेडूक
अवांतर: पुनर्वापराच्या पाण्याचे पाईप जांभळे का असतात? आमच्या मुलीनं परवा बागेत जांभळ्या झाकणाचा नळ पाहिला आणि "बाबा, यातून जांभळं पाणी येतं?" म्हणत उघडायला धावली. साधं पाणी आलेलं पाहून बिचारी हिरमुसली.

प्रयोगशाळेतला
बेडूकराव, पिण्याच्या वाहिनीशी चुकून जोडणी होऊ नये म्हणून तो रंग ठरला. कॅलिफोर्नियात सुरुवात झाली, मग पुष्कळ देशांनी घेतला. मुलीला सांगा, जांभळा म्हणजे "झाडाचं पाणी, आपलं नाही". लहान मुलांच्या हे पक्कं लक्षात राहतं.

माग_काढणारा
मूळ प्रश्नाकडे. सगळे गृहीत धरून चाललेत की पन्हाळीतून येतं ते पुनर्वापराचंच पाणी. कशावरून? जमिनीखालून फुटलेली मैलावाहिनीही असू शकते. बागेवर सगळा राग काढायचा आणि नळ भलताच गळत असायचा, म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

पाण्याचा माग काढता येतो. कॅफीन आणि सुक्रालोज ही जोडी फार उपयोगी. कॅफीन चांगल्या केंद्रात जिवाणू जवळजवळ संपवतात, तर सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा प्रक्रियेतून जसाच्या तसा बाहेर पडतो. ओढ्यात सुक्रालोज आहे आणि कॅफीन नाही, तर पाणी प्रक्रिया झालेलं. दोन्ही भरपूर असतील तर कच्चं सांडपाणी मिसळतंय. फिट्सवर देतात ते कार्बामाझेपिनही असंच चिवट, तेही खूण म्हणून वापरतात.

याहून नवलाची खूण म्हणजे गॅडोलिनियम. एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या द्रवात ही धातू असते. शरीर ती बाहेर टाकतं, केंद्र ती पकडू शकत नाही आणि ती नदीत दिसते. मिखाएल बाउ आणि पेटर डुल्स्की यांनी १९९६ मध्ये जर्मनीतल्या नद्यांच्या पाण्यावरून हे दाखवलं.

हे सगळं महागड्या यंत्रांचं काम. घरच्या घरी करण्यासारखं एक आहे. धुण्याच्या साबणात कपडे उजळवणारी द्रव्यं असतात, ती अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. उजळण न घातलेल्या कापसाचा बोळा जाळीत बांधून चार-पाच दिवस पन्हाळीच्या तोंडाशी ठेवा, सुकवा आणि अंधारात अतिनील विजेरीखाली धरा. लख्ख चमकला तर घरगुती सांडपाण्याची शंका घ्या. आधी कोरा बोळा तपासून ठेवा, नाहीतर तोच चमकायचा.

वाळूचा_कण
मला धास्ती औषधांची वाटते. संप्रेरकांमुळे नर मासे मादीसारखे होतात असं वाचलंय. हे खरं आहे का?

प्रयोगशाळेतला
खरं आहे, पण बेताबेतानं समजून घेऊ. कॅनडाच्या प्रायोगिक सरोवर क्षेत्रात २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत एका अख्ख्या तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक लिटरला ५-६ नॅनोग्रॅम राहील असं सोडलं. तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाची संख्या जवळजवळ संपली. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

दुसरी बाजूही सांगतो. कोलोरॅडोतल्या बोल्डर क्रीकमध्ये केंद्राच्या खालच्या अंगाला माशांत असेच बदल दिसले होते. केंद्राची प्रक्रिया सुधारल्यावर, सक्रिय गाळाची (जिवाणूंच्या गाळाकडून घाण खाववून घेणारी) पद्धत आल्यावर, तो परिणाम बराच कमी झाल्याचं त्याच ओढ्याच्या पाण्यावर केलेल्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे हे सुधारता येतं. पण पहाटे आ वासणारे मासे हे संप्रेरकाचं लक्षण नाही. ओढाकाठांनी आधी प्राणवायू पाहावा.

पाणकावळा
तेच मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं! :)

ओढाकाठ
पाणकावळा, तुमचं ऐकलं. मित्राकडून प्राणवायू आणि सामू (पीएच) मोजायचं यंत्र आणलं आणि मी व मुलगा आळीपाळीनं चोवीस तास काठावर बसलो. पन्हाळीच्या चाळीस पावलं खाली दर तासाला नोंद घेतली.

दुपारी तीनला प्राणवायू लिटरला १४ मिलिग्रॅम, सामू ९.०.
पहाटे पाचला प्राणवायू २.१, सामू ७.४.

पन्हाळीच्या वरच्या अंगाला पहाटे पाचलाच प्राणवायू ५.८ होता.

एकूण क्लोरीनसाठी रंग बदलणारी साधी पेटी वापरली. पन्हाळीच्या तोंडाशी फवारे चालू असताना ०.३, चाळीस पावलांवर शून्य. आणि एक गोष्ट नव्यानं कळली, फवारे पहाटे चारला सुरू होतात.

कापसाचा बोळाही ठेवला होता. चमकला नाही. माग_काढणारा, तुमचे मनापासून आभार.

गणिताचा_नाद
दुपारी १४! २५ अंशाच्या पाण्यात हवेतून मुरून जास्तीत जास्त सव्वाआठच्या आसपास राहू शकतो. त्यावरचा सगळा शेवाळानं बनवलेला.

प्रयोगशाळेतला
ओढाकाठ, तुम्ही आणि मुलानं जे केलं ते अनेक वर्षांच्या मासिक नमुन्यांत सापडलं नसतं. उत्तर तुमच्या नोंदीतच आहे, मी फक्त दुवे जोडतो.

पाण्यातून नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) आला. स्फुरद लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेला की वाहत्या ओढ्यातही शेवाळ माजण्याचा धोका धरतात, आणि स्फुरद मुद्दाम न काढलेल्या सांडपाण्यात तो काही मिलिग्रॅम असतो. त्यात धार मंद आणि ऊन भरपूर. शेवाळ दिवसा प्रकाशावर प्राणवायू सोडतं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून सामू चढतो. रात्री प्रकाश नाही, पण श्वास चालूच. कुजणारं शेवाळही प्राणवायू खातं. पहाटेपर्यंत साठा तळाला जातो.

यात दुपारचा वेगळाच धोका दडलाय. २५ अंशाच्या पाण्यात सामू ७ असताना अमोनियाचा अर्ध्या टक्क्याच्या जरा वर भाग विषारी रूपात असतो. सामू ८ ला तो पाच टक्के होतो आणि ९ ला सुमारे छत्तीस. म्हणजे तुमच्या ओढ्यात तोच अमोनिया पहाटे निरुपद्रवी आणि दुपारी मारक. मासा पहाटे गुदमरतो आणि दुपारी पोळतो. अमोनियाचं नायट्रेट होतानाही एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्रामागे साधारण साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो, ते वेगळंच.

क्लोरीनबद्दल सावध करतो. अशा पेटीची सगळ्यात खालची खूण बहुधा ०.१ असते आणि माशांचा निकष ०.०१९ आहे. तुमच्या 'शून्या'चा अर्थ पेटीला दिसलं नाही, एवढाच. मातीवरून, पानांवरून वाहताना क्लोरीन लवकर खर्च होतं हे खरं, पण सिमेंटच्या पन्हाळीत तसं फारसं होत नाही. पहाटे चारला, प्राणवायू तळाला असतानाच, त्यावर क्लोरामाइनची फुंकर पडतेय.

माळीबुवा
आता माझं ऐका. पहाटे फवारे लावतात ते बाष्पीभवन कमी व्हावं आणि लोकांच्या अंगावर पाणी उडू नये म्हणून. त्यात चूक नाही, वेळ बदलून काही साधणार नाही. ओघळ थांबवा. चाळीस मिनिटं एका दमात देण्याऐवजी दहा-दहा मिनिटं, मध्ये तासाची विश्रांती, म्हणजे पाणी मुरतं. मातीची तपासणी करून जिप्सम द्या, मातीतला सोडियम सुटेल. सुटलेला सोडियम खाली धुऊन न्यायला लागेल तेवढंच पाणी द्या, जास्त नको. पायवाटेकडे तोंड असलेले फवारे फिरवा. आणि खत निम्म्यावर आणा, मी लिहून देतो हिरवळीला काही होणार नाही.

अनुजा_क
कॅलिफोर्नियाच्या २००९ च्या पुनर्वापर धोरणात हेच आहे. चुकून होणारा ओघळ गृहीत धरलाय, पण त्याला कुंपण घातलंय. फुटलेला फवारा कळल्यापासून ७२ तासांत किंवा १००० गॅलन, म्हणजे सुमारे ३८०० लिटर सांडायच्या आत, जे आधी होईल तेव्हा दुरुस्त करायचा. फवाऱ्यांची तोंडं नीट ठेवायची, पाऊस पडत असताना पाणी द्यायचं नाही. यातलं काही करायला मोठं यंत्र लागत नाही, कुणीतरी रोज फेरी मारली की झालं.

माग_काढणारा
एक तपासणी राहिली. साध्या पाण्यावरची एखादी बाग वरच्या अंगाला आहे का? तिचाही ओघळ मोजा. तुलनेशिवाय दोष पाण्याचा की बागेचा, हे ठरणार नाही.

ओढाकाठ
आहे. दोन वळणं वर एक जुनी बाग आहे, तिला साधं पाणी देतात. उद्याच नमुने घेतो.

ओढाकाठ
नमुने तपासून आले. साध्या पाण्याच्या बागेच्या ओघळातही नायट्रेट आमच्या पन्हाळीच्या निम्म्याहून जास्त निघालं! स्फुरद मात्र आमच्याकडे कितीतरी पट, आणि क्षारही जास्त. नायट्रेटच्या बाबतीत मी चार वर्षं एकाच पाईपला दोष देत होतो आणि त्यातला मोठा वाटा खताच्या पोत्याचा होता. माळीबुवा, तुमचं पहिलं वाक्य आता पटलं.

स्पष्टवक्ती
मलाही माझं "सांडपाणी ते सांडपाणीच" थोडं मागे घ्यावं लागतंय. पण थोडंच. स्फुरद आणि क्लोरामाइन खताच्या पोत्यातून आलेले नाहीत.

वाळूचा_कण
कीटकनाशकांचं कुणीच बोललं नाही. कॅलिफोर्नियातल्या निवासी वस्त्यांच्या ओढ्यांत गाळामध्ये पायरेथ्रॉइड सापडली आणि त्या गाळात तळाशी राहणारे चिमुकले कवचधारी जीव मरत होते, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. मुख्य संशयित बायफेन्थ्रिन, घराभोवती आणि हिरवळीवर मारतात ते. ओघळ जांभळ्या पाईपचा असो की साध्या, ते गाळाबरोबर वाहून जातंच. ओढाकाठ, चतुर कमी झालेत म्हणालात म्हणून आठवलं. त्यांची पिल्लं पाण्याच्या तळाशीच वाढतात.

ओढाकाठ
वाळूचा_कण, हे नोंदवून ठेवलं. बागेत काय फवारतात ते विचारतो.

ओढाकाठ
अडीच महिन्यांनी परत आलोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

चोवीस तासांच्या नोंदींचा तक्ता आणि कोरड्या दिवशी ओल्या पायवाटेचे फोटो घेऊन बागेची देखभाल पाहणाऱ्या मंडळींना भेटलो. पहिल्या भेटीत ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या भेटीला मुलगा बरोबर आला आणि त्यानं त्यांना पहाटे पाचचं बोलावणं दिलं. दोघे आले. मासे पाहून त्यांतला एक जण बराच वेळ काठावर नुसता बसून राहिला. पुढच्याच आठवड्यात अकरा फवाऱ्यांची तोंडं फिरवली, पाण्याच्या पाळ्या तुकड्या-तुकड्यांत केल्या, खताचा एक हप्ता रद्द केला. पन्हाळ ओढ्याच्या आधी फोडून तिचं पाणी एका उथळ, गवताळ चरात वळवलंय. जिप्समचं अजून व्हायचंय. बायफेन्थ्रिन मारत होते, ते काठापासून वीस पावलं तरी लांब ठेवायचं कबूल केलंय.

काल पहाटे प्राणवायू ४.३ होता. शेवाळ आहे, पण लांब झुलपं गेली. पन्हाळीची धार परत करंगळीएवढी झाली.

आणि ओढ्याची धार तुटलीय. मधला उथळ भाग कोरडा पडलाय, तीन डोह उरलेत.

अनुजा_क
ओढाकाठ, मग आता माशांचं काय? मला याचीच भीती होती. क्लोरीन आणि स्फुरद काढून तेच पाणी नीट सोडता आलं असतं तर धार राहिली असती.

ओढाकाठ
अनुजाताई, मीही यावर खूप विचार केला. केंद्रात विचारलं. क्लोरीन काढायला सोडियम बायसल्फाइट पुरतं, पण स्फुरद काढायची सोय तिथे नाही आणि लवकर होणारही नाही. स्फुरदासकट धार ठेवायची की धारेशिवाय डोह, यातलं एकच मिळणार असेल तर मी डोह घेतो. या ओढ्यातले मासे, बेडूक, चतुर सगळे आटण्याला सरावलेले होते. हे बारमाही पाणीच त्यांना नवीन होतं. माळीबुवांचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल, त्यांना वाहतं पाणी आवडतं.

माळीबुवा
आवडतं. पण ओढा तुमच्या डोळ्यांसमोरचा आहे, माझ्या नाही. डोहांवर सावली आहे का ते बघा. नसेल तर काठावर तिथलीच झाडं लावा. पाणी थंड राहील, प्राणवायू जास्त मुरेल, शेवाळाला ऊन कमी मिळेल.

पाणकावळा
तिन्ही डोह पहाटे वेगवेगळे मोजा. सगळ्यात खोल डोहात तळाशी आणि वर, दोन्हीकडे.

ओढाकाठ
दोन डोहांवर सावली आहे, वरचा उघडा आहे. यंत्र अजून माझ्याकडेच आहे, शनिवारी पहाटे मोजतो आणि इथेच आकडे टाकतो. मधल्या डोहावर आज टाचण्यांच्या चार जोड्या अंडी घालताना दिसल्या. मुलानं मोजल्या.